अर्धा टेम्पो

वस्तीत त्यांना छत्रीवाले काका म्हणत, आणि काकांना हे नाव अजिबात आवडत नसे. उभी हयात त्यांनी लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवली होती. अडकलेली माणसं बाहेर काढली होती, घाबरलेल्यांना दाराच्या फटीतून धीर दिला होता. बिघडायला आलेली लिफ्ट नुसत्या आवाजावरून ओळखणारा माणूस, असा त्यांचा आधीच्या शहरात दरारा होता. आणि या नव्या शहरात ओळख काय, तर बायकोच्या डोक्यावर छत्री धरणारा गृहस्थ.

नातीला शाळेत सोडलं की काकू निघायच्या. त्यांच्या हातात चित्रांची वही आणि शाईपेन असायचं. घडीचं स्टूल आणि छत्री काकांकडे. काकू एकदा रस्त्याच्या कडेला बसल्या की तास दीड तास उठत नसत, आणि उन्हात पांढरा कागद डोळे दिपवतो म्हणून कुणीतरी सावली धरायला लागे. हा कुणीतरी आपण नाही, असं दिसावं म्हणून काका जाताना चार पावलं मागे चालत. घडीचं स्टूल आणि उघडी छत्री घेऊन एकटाच हिंडणारा माणूस त्याहून विचित्र दिसतो, हे मात्र त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

ती दोघं इथे आली होती लेकीसाठी. लेक हॉस्पिटलात नर्स, तिच्या पाळ्या सारख्या बदलणाऱ्या. जावई बोटीवर, वर्षातला बराच काळ समुद्रात. नात शाळेतून आली की घरात कुणी मोठं माणूस नको का? काकू एका शब्दावर तयार झाल्या. काका आले ते पहिल्याच दिवशी बजावून: "मी आपला पाहुणा आहे. पोरीची घडी नीट बसली की परत."

म्हणून त्यांनी हत्यारांची पेटी पलंगाखाली सरकवली, पण तिला बांधलेली दोरी सोडली नाही. जुन्या शहरातला त्यांचा सोबती अधूनमधून फोन करायचा. नव्या पोरांवर देखरेख करायला जाणतं माणूस हवंय, गोदामावरची खोली रिकामी आहे, कधी येतोस? फोन ठेवला की काका म्हणत, "तू राहा इथे. मी जातो." सुरुवातीला ती थट्टा होती. पुढे पुढे त्या वाक्यातली थट्टा कमी होत गेली आणि वाक्य तेवढं राहिलं. नातीला सोडून काकू जाणार नव्हत्या आणि काका राहायला तयार नव्हते. एवढा संसार एका छपराखाली करून उतारवयात दोन शहरांत दोन चुली, असं ते गाडं चाललं होतं.

काकूंच्या हातात पेन आलं ते एका फजितीमुळे. आल्यावर थोड्याच दिवसांत त्या औषधं आणायला एकट्या बाहेर पडल्या आणि परत येताना चुकल्या. त्या वसाहतीतल्या सगळ्या इमारती एका साच्यातून काढलेल्या, सगळ्यांचा रंग तोच, बाल्कन्या त्याच. काकू आपल्याच बाल्कनीखाली उभ्या राहून येणाऱ्या जाणाऱ्याला पत्ता विचारत होत्या. काखेत कळसा नि गावाला वळसा. शेवटी पहारेकऱ्याने त्यांना वर आणून सोडलं.

लेक म्हणाली, "आई, तू एकटी जात जाऊ नकोस. मी असताना जाऊ आपण."

ती मायेनेच बोलली, पण काकूंना ते लागलं. दुसऱ्या दिवशी काका ज्या पेनाने लिफ्टच्या दुरुस्तीची कार्डं भरत ते शाईपेन काकूंनी कपाटातून काढलं, नातीच्या शाळेचा एक पाठकोरा कागद घेतला, आणि समोरच्या कट्ट्यावर बसून आपल्या इमारतीचं दार काढायला घेतलं. वाकडा बसवलेला पाण्याचा पाइप. जाळीतली गायब झालेली एक सळई. कोपऱ्याचा टवका उडालेली पायरी.

"हे कशाला?" काकांनी खाली येऊन विचारलं.

"या दाराचं वेगळं काय आहे ते कळल्याशिवाय ते माझं कसं होणार?"

"अगं, शहर म्हणजे शहर. कुठेही जा, पळसाला पानं तीनच."

"तुमच्याबरोबर तीन शहरांत राहिले," काकू मान वर न करता म्हणाल्या. "घर, बाजार आणि दुकान. तेवढी पायाखालची वाट सोडली तर एकही शहर पाहिलं नाही. आता हे बघू दे."

दुकान म्हणजे शाळेच्या गणवेशांचं. काकू तिथे कापड कापायच्या. शिवणारे पुष्कळ होते, पण कात्री मालक फक्त काकूंच्या हातात द्यायचा, कारण त्यांच्या हातून कापड वाया जात नसे. तिथली सवय त्यांनी इथे आणली. पेन्सिल नाही, खोडरबर नाही. खडूची खूण पुसता येते, कात्रीची नाही. म्हणून आधी पोटभर बघायचं, आणि हात चालला की मग कुरकुर करायची नाही. रेघ चुकलीच तर शेजारी बरोबर रेघ काढायची आणि दोन्ही राहू द्यायच्या. त्यामुळे त्यांच्या इमारती जरा थरथरल्यासारख्या दिसत. काकांचा सगळा जन्म ओळंबा लावण्यात गेलेला. लिफ्ट ज्यांवरून सरकते त्या पट्ट्या केसभर जरी कलल्या तरी त्यांना झोप लागत नसे. ते छत्रीखालून बघत आणि राहवत नसे.

"तुझी इमारत कललीय."

"बघताना मीच जरा कलले असेन," काकू म्हणत आणि पुढची खिडकी घेत.

एकदा त्या लाँड्रीसमोर बसल्या होत्या. मधे पावाच्या कारखान्याचा टेम्पो उभा होता, म्हणून त्यांनी तो काढायला घेतला. पुढचं चाक झालं, दिवा झाला, खिडकीबाहेर आलेलं ड्रायव्हरचं कोपर झालं, आणि टेम्पो निघून गेला. काकूंनी क्षणभर पाहिलं, मग जे दिसत होतं ते पुढे काढत गेल्या. लाँड्रीच्या पायऱ्या, पायऱ्यांवर झोपलेलं मांजर. पान पूर्ण झालं तेव्हा त्यात पुढून अर्धा टेम्पो होता आणि त्याच्या पोटातून एक जिना बाहेर आला होता.

काका मोठ्याने हसले. या शहरात ते पहिल्यांदाच असं हसले असावेत.

"हे काय अर्धवट?"

"जेवढा थांबला तेवढा काढला."

"उरलेला मनाने काढायचा की. टेम्पो काय, सगळे सारखेच."

"न बघितलेलं कसं काढू? मग बसून बघायचं कशाला?"

ही गोष्ट वस्तीभर झाली. टेम्पोवाल्यापर्यंत पोचली, तर तो पठ्ठ्या मुद्दाम आला, इंजिन बंद केलं आणि म्हणाला, "काकू, आज गाडी हलवत नाही. पूर्ण करून टाका." काकूंनी त्याला पान दाखवलं. "त्या जागेवर आता पायऱ्या आल्यात रे. नवं काढीन हवं तर, पण हा आता असाच राहणार." टेम्पोवाला बराच वेळ आपल्या कोपराकडे बघत राहिला. कोपर फारच छान आलं होतं.

माणसं काढण्याची काकूंची एक तऱ्हा होती. त्या पायापासून सुरुवात करत. आधी चपला, मग पोटऱ्या, मग वर वर, चेहरा सर्वांत शेवटी. सलूनवाला दारात उभा राहायला तयार झाला तेव्हा त्याने विचारलंच, "सगळे तोंडापासून सुरू करतात, तुम्ही पायापासून का?"

"माणूस जायला निघाला की आधी त्याचे पाय सांगतात," काकू म्हणाल्या. "तोंड आपलं बोलत राहतं."

त्या सलूनच्या बाजूच्या भिंतीत एक खिडकी विटांनी बुजवलेली होती. रोज कितीतरी गिऱ्हाईकं तिच्यासमोर बसून जात, कुणी कधी विचारलं नव्हतं. काकूंनी ती काढली म्हणून विचारलं. तेव्हा कळलं की शेजारचं चपलांचं दुकान सलूनवाल्याच्या चुलतभावाचं. वडील आणि चुलते भांडले तेव्हा मधली खिडकी बुजवली. "मग ही एक वीट सैल का?" काकूंनी विचारलं. सलूनवाला ओशाळला. चुलतभाऊ सकाळी वर्तमानपत्र वाचून झालं की तिथून आत सारतो, म्हणाला, वडीलधारी गेली, भिंत राहिली, वीट तेवढी सैल करून ठेवलीय. काकूंनी ती सैल वीट जरा पुढे आलेली दाखवली. चुलतभाऊही येऊन बघून गेला.

काकूंचं हे असं चाले. रेघ ओढायची, अडखळायचं, विचारायचं. फुलवाली एकच पाय लाकडी फळीवर का ठेवते, औषधवाल्याच्या पाटीवरचं एक अक्षर नवं का. वर्षानुवर्षं राहणाऱ्यांना जे ठाऊक नव्हतं ते या बाईला वर्षाच्या आत ठाऊक झालं, आणि ते कुणाला ऐकवायला नव्हे, तर नीट काढता यावं म्हणून. आता त्या औषधं आणायला निघाल्या की परत यायला उशीर व्हायचा, पण चुकल्यामुळे नव्हे. दर दहा पावलांवर कुणीतरी थांबवायचं. लेकीने एकटी जाऊ नकोस म्हणणं कधी सोडून दिलं, ते तिलाही आठवत नाही.

काका हे सगळं छत्रीखालून बघत होते. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, त्यामुळे तोंडाने कौतुक करायचं नाव नाही. पण एका संध्याकाळी जेवताना ते सहज बोलून गेले, "औषधवाल्याने वरच्या खिडकीत कुंडी ठेवलीय. काल नव्हती." काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि भात वाढला.

मग जुन्या बाजाराच्या इमारतीतली लिफ्ट आली. जाळीच्या दाराची, हाताने ओढून बंद करायची. अशा लिफ्ट आता उरल्या नाहीत. काकूंना ती काढायची होती. त्या दिवशी छत्री नको होती, विजेरी हवी होती. काका विजेरी धरून उभे राहिले आणि काकू विचारू लागल्या. ही काय? ती कशाला? मागच्या बाजूला खाली येतंय ते काय?

"ते वजन," काका म्हणाले. "लिफ्ट वर गेली की ते खाली येतं, लिफ्ट खाली आली की ते वर जातं. दोघं एकाच दोराला. ते नसेल तर मोटरची दमछाक होईल."

"म्हणजे दोघांची गाठ पडते ती फक्त मधे, येता जाता?"

"हो."

"आपल्यासारखं," काकू रेघ ओढत म्हणाल्या. "तुम्ही पाळीवरून यायचात तेव्हा मी दुकानात निघालेली असायचे."

काका सांगत राहिले, काकू काढत राहिल्या. इमारतीचा पहारेकरी येऊन गेला, बाजार ओसरला. शेवटी काकूंनी पेनाला टोपण लावलं. "इतकी वर्षं तुमच्या शर्टांचं ग्रीस धुतलं. तुम्ही दिवसभर काय करत होता ते आज बघितलं." त्या पानावर दोर होता, चाक होतं, वजन होतं, आणि सगळं जिथल्या तिथे होतं. जरा कललेलं, पण काकांना त्यात ओळंबा लावावासा वाटला नाही. त्यांना बायकोचा अभिमान वाटला, अगदी उघड उघड वाटला. परतताना ते तिच्या शेजारून चालले.

इथेच ही गोष्ट गोड व्हायची, पण नातीने घोळ घातला. एका सुट्टीच्या दिवशी तिने आजीच्या वहीतली सगळी सुटी पानं खोलीभर पसरली आणि माणसं शोधायला लागली. ही मी. ही आई, दमून बसलेली. हा टेम्पोवाला, त्याचं कोपर. हे सलूनवाले. हा पहारेकरी. मग तिने सगळी पानं पुन्हा उलटून पाहिली.

"आजोबा कुठेत?"

"मी छत्री धरून मागे उभा होतो ना," काका हसत म्हणाले. "मग दिसणार कसा?"

पण ते त्यांना टोचलं. अख्खं शहर त्या जमिनीवर पसरलं होतं, झोपलेल्या मांजरासकट, आणि त्यात ते नव्हते. रात्रीची भांडी आवरताना त्यांनी विषय काढला. "मांजराला जागा आहे तुझ्या शहरात. मला नाही."

काकूंनी हात पुसले. "तुम्ही राहणार की जाणार, ते ठरलंय का?"

काका पुसलेलं ताट पुन्हा पुसू लागले.

"पेटीची दोरी अजून सोडली नाहीत तुम्ही. वर्ष होईल. मी तुमच्याकडे बघते आणि मला कळत नाही की तुमचे पाय कुठे आहेत. मग शाईत कसं घेऊ?"

हे त्यांच्या वर्मी लागलं, आणि वर्मी लागलं की काकांच्या नाकावर राग यायला वेळ लागत नसे. खरं बोलणाऱ्या माणसावर राग काढायचा सोपा मार्ग म्हणजे त्याच्या म्हणण्याप्रमाणे करून दाखवणं. सकाळी त्यांनी सोबत्याला फोन लावला आणि येतो म्हणून कळवलं. तिकीटही काढलं. लेक रडली, नातीने अबोला धरला. काकूंनी शर्ट इस्त्री करून बॅगेत भरले, आणि बटणं ढिली होती ती आधी पक्की केली. जाऊ नका असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. काका ते ऐकायला टपून बसले होते, आणि ऐकू न आल्यामुळे आणखी हट्टाला पेटले.

निघायच्या दिवशी काकू बसस्थानकावर सोबत आल्या. काकांच्या एका हातात बॅग, दुसऱ्या हातात हत्यारांची पेटी. स्टूल काकूंनी स्वतः घेतलं होतं. ते त्यांच्या हातात बघून काकांना चमत्कारिक वाटलं. उद्यापासून ते असंच चालणार होतं.

बस लागायला वेळ होता. काका फलाटावरच्या खांबापाशी रांगेत जाऊन उभे राहिले. काकूंनी समोर, बसच्या वाटेच्या पलीकडच्या कट्ट्याजवळ स्टूल मांडलं आणि वही उघडली. काकांना थोडा रागच आला. नवरा निघालाय आणि हिला स्थानक काढायचंय. कागदावर ऊन येत होतं. काकू डोळे बारीक करून बघत होत्या, आणि छत्री घरी दाराआड राहिली होती.

बस लागली. रांग सरकू लागली. काकांनी पेटी तिथेच ठेवली आणि वाट ओलांडून निरोप घ्यायला गेले. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं, म्हणून त्यांनी सवयीने वहीत डोकावलं.

खांब होता. बाक होता, बाकावरची बॅग होती. आणि खांबाला लागून एक जोडी बूट होते. उजव्या बुटाची टाच झिजलेली, काकांची झिजते तशी बाहेरच्या बाजूने. वर पँट, तिला गुडघ्यावर पडलेला फुगा. पेटीची मूठ धरलेला हात, त्यावरच्या शिरा, लहानपणी यंत्रात सापडून वाकडं झालेलं नख. शर्ट, कालच पक्कं केलेलं बटण. त्याच्या वर काही नव्हतं. कोरा कागद.

काका बघत राहिले. आपले बूट इतक्या नीट कुणी पाहिले असतील, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"तू तर म्हणाली होतीस, घेणार नाही म्हणून."

"आज तुमचे पाय दिसले," काकू म्हणाल्या. "जायचं म्हणून का होईना, एका जागी होते."

"आणि वरचं?"

"तुम्ही निघा. गाडी सुटेल." काकूंनी एका हाताने कागदावर सावली धरली. "राहील असंच. टेम्पो राहिलाय ना."

"मनाने काढ ना. एवढ्या वर्षांत माझं तोंड तुला पाठ नाही का?"

"पाठ आहे. पण समोर नसताना नाही काढायची मी."

त्यात रुसवा नव्हता. ती काकूंची रीत होती, आणि काकांसाठीसुद्धा त्या ती मोडणार नव्हत्या. काका वळले. कंडक्टर दारात उभा राहून शेवटची माणसं चढवत होता. काका वाट ओलांडून खांबापाशी आले. पेटी उचलायला वाकले, मूठ हातात घेतली, आणि थांबले. मग त्यांनी खाली बघून बूट सरकवले, जरा डावीकडे, मग जरा मागे, मघाशी होते तिथे.

"काका, येताय ना?" कंडक्टरने विचारलं.

"नाही," काका म्हणाले. "मला हलता येत नाही."

कंडक्टरने खांदे उडवले आणि घंटा दिली. बस मागे आली, वळली आणि दोघांच्या मधून जाऊ लागली. काकांना समोर फक्त पत्रा दिसत होता, खिडक्या, खिडक्यांतली अनोळखी तोंडं. बस लांबलचक होती आणि सावकाश जात होती. पलीकडे ती वही मिटून उठली असेल, असं त्यांच्या मनात आलं.

बस निघून गेली. काकू स्टुलावरच होत्या. पेन कागदापासून जरा वर उचललेलं होतं आणि त्या त्याच जागेकडे बघत होत्या. काकांना तिथे पाहून त्यांनी डोळे पदराने टिपले, मग पेन टेकवलं.

"मघाशी मान डावीकडे होती," त्या म्हणाल्या.

काकांनी मान डावीकडे केली.

"किती वेळ लागेल?"

"चेहऱ्याला वेळ लागतो," काकू म्हणाल्या. "हलू नका."